पुन्हा विचारा

"पुरत्या गोळ्या घेतल्याच नाहीत ना?" डॉक्टरांनी सुगंतीला विचारलं. "म्हणून तर तुम्हा दोघी बहिणींचा टीबी आता साध्या औषधाला दाद देत नाही."

सुगंतीला पहिल्यांदा टीबी झाला, तेव्हा धाकटी जासमूही खोकत होती. पण जासमूचं लग्न ठरलं होतं. दवाखान्यात नाव लागलं असतं, तर मेळघाटभर बोभाटा होऊन सोयरीक मोडली असती. म्हणून सुगंती रोज आपल्यातल्या निम्म्या गोळ्या तिच्या हातावर ठेवायची. दोघींचा खोकला थांबला, लग्नही झालं. आपण बहिणीचं भलं केलं, असंच तिला वाटत राहिलं.

ती तोंड उघडणार, तोच बाजूला बसलेली जासमू म्हणाली, "मीच हिच्या गोळ्या चोरून खायची. हिला माहीतच नव्हतं."

जासमूचा नवरा शेजारीच उभा होता. बायकोनं आजार लपवून लग्न केलं आणि वर चोरीही केली, हे ऐकून तो बाहेर निघून गेला. दारात सुगंतीची सासू बसली होती. तिच्या धाकानं सुगंती गप्प राहिली.

जासमूला वॉर्डात नेल्यावर मात्र ती डॉक्टरांकडे परत आली. "ती चोर नाही. गोळ्या मीच दिल्या. कुणाला सांगू नको, असंही मीच म्हटलं."

"हे सांगून आता औषध बदलणार नाही, बाई."

"औषधासाठी नाही सांगत," सुगंती म्हणाली. "तिच्या घरवाल्याला आत बोलवा. त्याच्यासमोर मला पुन्हा विचारा."