दार लावून घे

"तिला द्या जरा," असं संपत पलीकडून म्हणाला असावा, कारण तातेरावांनी मनात नसताना रिसीव्हर सुनेच्या हातात दिला आणि ते बूथच्या बाहेर आले.

पोळ्याच्या आधीचा बाजार होता. कुंभार पिंपळगावच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी घुंगरमाळा आणि गोंडे लटकत होते. गिरिधरच्या एसटीडी बूथपुढे ओळखीची माणसं जमली होती. तातेरावांचा मुलगा नौदलात आहे, आणि जहाज पोर्ट ब्लेअरला लागलं की बाजाराच्या दिवशी त्याचा फोन येतो, हे साऱ्यांना ठाऊक होतं.

"आमच्या संपतचं जहाज अमेरिकेच्या जहाजांना सोबत करून राह्यलं," तातेराव सांगू लागले. "मलाक्का म्हणून समुद्राची गल्ली हाय तिकडं, अंदमानाच्या पल्याड. गेल्या साली ते मनोरे पाडले ना इमानं घालून, तवापासून अतिरेक्यांचा भरोसा न्हाई. मंग बोलावलं आपल्याला. अमेरिकेनं! बोला आता."

आत सत्यशीलाने रिसीव्हर कानाला लावला. "हां, मी बोलते."

"दार लावून घे," संपत म्हणाला.

तिने काचेचं दार ओढलं. बाजाराचा गलका एकदम तुटला. काचेपलीकडे सासरे हातवारे करत होते, माणसं हसत होती. सासू सोनूबाई तेवढ्या पिशवी पोटाशी धरून, दाराकडे तोंड करून उभ्या होत्या.

"बरे हाव ना तुमी?"

पलीकडून नुसता श्वास आला. तिने नवऱ्याला रागावलेला पाहिला होता, दमलेला पाहिला होता. असा श्वास मात्र तिने कधी ऐकला नव्हता.

"मी मशीनगनवर असतो, तुला ठाऊक हाय," तो म्हणाला. "ते लोक छोट्या होडीत बारूद भरतात अन् मोठ्या जहाजावर नेऊन आदळतात. एडनच्या बंदरात तसंच केल्तं. म्हणून कोणची बी होडी जवळ येऊ द्यायची न्हाई. परवा एक आली. सरळ अमेरिकेच्या जहाजाकडं. भोंग्यावरून ओरडलो, न्हाई थांबली. समोर पाण्यात गोळ्या मारल्या, तरी न्हाई."

"मंग?"

"साहेब म्हणले, निशाणा धर. म्या धरला. आता हुकूम येतो, मंग येतो. तेवढ्यात त्या होडीचं इंजिन बंद पडलं. म्हातारा व्हता गं. अन् त्याची बायको. रेस अडकल्ती इंजिनाची, त्याला बंदच करता येईना. तिनं डोक्यावरचं फडकं काढून हालवलं. जाळ्याबिगर काहीच नव्हतं होडीत."

"वाचले ना बिचारे! झालं मंग." तिचा आवाज तिलाच खोटा वाटला.

"झालं न्हाई. हुकूम आल्ताच न्हाई, अन् माझं बोट दाबायला लागल्तं. आधीच. साहेबाला ठाऊक न्हाई, कुणालाच न्हाई. भ्यालो व्हतो सत्यशीला. नुसत्या भ्यावानं दाबून राह्यल्तो."

त्याचं जहाज त्या बाजूला गेल्यापासून एकच भीती तिच्या उशाशी होती: कुठलीतरी होडी येईल आणि याच्या जहाजावर आदळेल. भाकरी थापताना, निंदायला वाकताना, ती भीती तिने कुणाला दिसू दिली नव्हती. आता तिच्या शेजारी दुसरी येऊन बसली, आणि दोघींतली थोरली कोणती ते तिला कळेना.

"उद्या परत निघायचंय," संपत म्हणाला. "पुढची होडी खरीच बारूदची असली अन् म्या थांबलो, तर? इतकी पोरं हायेत जहाजावर. अमेरिकेची येगळीच. सांग ना, काय करू?"

काचेवर टकटक झाली. तातेराव हाताने खुणावत होते, पुरे आता. तिने त्यांच्याकडे पाठ केली.

"भिऊन दाबू नका," ती हळू म्हणाली. "बघा. माणसाचं तोंड दिसेस्तोवर बघा."

"तोंड दिसेस्तोवर उशीर झालेला असतो," तो म्हणाला. मग कुणीतरी मागून त्याला हाक मारली, आणि फोन कट झाला.

तिने दार उघडलं. गलका अंगावर आला.

"काय म्हणत व्हता एवढा येळ?"

"बरे हायेत. उद्या निघणार म्हणले."

"ऐकलं का?" तातेराव लोकांकडे वळले. "उद्या परत! हाय का बिशाद कोणच्या होडीची जवळ यायची!"

"दिसली की उडवायची," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. गिरिधरने चहा सांगितला.

परतताना तातेराव झपाझप पुढे गेले. त्यांना बैलांसाठी गोंडे बघायचे होते. सोनूबाई मुद्दामच मागे रेंगाळल्या.

"समदं ठीक हाय म्हणला मला मघाशी फोनवर," त्या म्हणाल्या. "सारखं तेच. ठीक हाय आई, ठीक हाय आई. म्या इचारलं बी नव्हतं."

सत्यशीला चालत राहिली. सोनूबाईंनी तिचं मनगट धरलं आणि तिला जागेवरच थांबवलं. एक बैलगाडी अगदी अंगावरून गेली, तरी त्या हलल्या नाहीत.

"खरं सांग. कुणाचा जीव तर न्हाई ना गेला त्याच्या हातून?"

पुढे तातेराव एक लाल गोंडा उन्हात धरून निरखत होते.

"अजून न्हाई, आत्याबाई," सत्यशीला म्हणाली.