कोरा सूट

"उलटा नाही, मावशी. चेन पाठीकडे," मयूरने चौथ्यांदा सांगितलं.

ठमाबाईने तो चकचकीत पांढरा सूट फिरवून नवऱ्यापुढे धरला. मोतीराम द्राक्षाच्या मांडवाचा खांब धरून एका पायावर उभा होता. लग्नातसुद्धा त्याला कोणी असे कपडे चढवले नव्हते. त्याला हसू आवरत नव्हतं.

सूट मुंबईच्या एका कंपनीचा, अजून बाजारात न आलेला. फवारणी करणाऱ्याच्या अंगाला औषधाचा थेंबही शिवू नये, असं त्याचं कापड. तिथे नोकरीला असलेल्या मयूरने त्यावर तीन वर्षं घालवली होती. २००२च्या त्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या एका बागेत आठ फवारण्यांची चाचणी होती. दर वेळी नवा सूट. घालायची रीत ठरलेली. हातमोजे आधी, बाही त्यावरून. बूट आधी, विजार त्यावरून. चेन दुसऱ्याने लावायची. आत, दोन खांद्यांच्या मधोमध, सुती कापडाची वीतभर पांढरी पट्टी होती. औषध आत शिरलं की ती पिवळी पडणार.

"पट्टी पिवळी दिसली तर काम बंद. आंघोळ, आणि थेट दवाखाना," मयूर म्हणाला. "हा जिवाशी खेळ आहे."

मोतीराम मान डोलावत राहिला. हे नवराबायको सुरगाण्याकडचे. भात निघाला की दर वर्षी इकडे बागांवर कामाला येत. मोतीराम फवारायचा, ठमाबाई वेलीच्या कामाला जायची.

पहिल्याच फवारणीनंतर चेन उघडली आणि पट्टी पिवळीधमक निघाली. मयूरने मोतीरामला भर थंडीत दोनदा आंघोळ करायला लावली, जीपमध्ये कोंबून नाशिकला नेलं आणि पट्टी मुंबईला धाडली. मोतीराम ठणठणीत होता. चार दिवसांनी प्रयोगशाळेतून फोन आला. पलीकडचा माणूस हसत होता.

"अहो, हळद आहे ही. भाजीत घालतात ती!"

दुसऱ्या फवारणीला पुन्हा तेच. या वेळी मयूरने पट्टीवर साबण चोळला. पिवळं होतं ते लालभडक झालं. हळदच.

"मावशी, काय चाललंय हे?"

"कोरा कपडा हाय, साहेब. हळदीचं बोट लावल्याबिगर अंगात घालू नाय."

"पण पट्टीलाच का?"

"बाकीच्या कापडाला टिकतच नाय. घसरून जाते."

ते बोटभर पिवळं घामाने पट्टीभर पसरत होतं. इकडे मुंबईच्या ऑफिसात मयूरचं नाव 'हळदीकुंकू' पडलं होतं. तो भडकला, तोंडाला येईल ते बोलला. हा सूट आहे, लग्नाचा शालू नाही; एवढीच हौस असेल तर बुटाला लावा; माझी नोकरी घालवणार आहात तुम्ही. ठमाबाई मान खाली घालून ऐकत राहिली. नंतर त्याचं त्यालाच वाईट वाटलं. निघताना त्याने तिच्या हातात बिस्किटांचा पुडा ठेवला.

तिसऱ्या फवारणीपासून मालकाने औषध बदललं. जुन्याला कीड दाद देईना. त्या दिवशी मयूर पोचला तेव्हा फवारणी उरकली होती आणि ठमाबाई शेजारच्या बागेत कामाला गेली होती. सूट तारेवर लटकत होता. पट्टी पिवळी.

मयूरने कपाळाला हात लावला. "मावशी ऐकायच्या नाहीत तर!"

"ती कुठं कोणाचं ऐकते, साहेब," मोतीराम कौतुकाने म्हणाला.

खाली ठेवलेल्या गमबुटांवरही पिवळी बोटं उठली होती. म्हणजे बाईने आता बूटही सोडले नव्हते. मयूरला हसूच आलं. साबण आणायला खोपीपर्यंत जावं लागलं असतं. त्याने वहीत लिहिलं: पट्टी पिवळी, कारण हळद.

चौथ्यालाही तेच लिहिलं.

पाचव्या फवारणीनंतर मोतीराम बांधावर टेकला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. पाण्याचा तांब्या त्याच्या हातात थरथरत होता.

"साहेब, डोळ्यापुढं अंधारी येते. तोंडाला सारखं पाणी सुटतं."

"सूट आतून तापतो. पाणी पीत जा भरपूर," मयूर म्हणाला. कापड जरा हवेशीर हवं, अशी सूचना त्याने अहवालात घातली. अहवाल एकूण झकास होता. मुंबईच्या मोठ्या साहेबांनी स्वतः फोन करून शाबासकी दिली. त्या दिवशी मयूरइतका सुखी माणूस नाशिक जिल्ह्यात नसेल.

सहाव्या फवारणीला मोतीराम ओळीच्या मध्यावर कोसळला.

मयूर नाशिकच्या दवाखान्यात पोचला तेव्हा डॉक्टर घाईघाईने आत जात होते. "विषबाधा आहे. आजची नाही, बऱ्याच दिवसांची," ते चालता चालता म्हणाले. "तुमच्या काहीच लक्षात आलं नाही?"

ठमाबाई भिंतीला टेकून फरशीवर बसली होती. सूट कापून काढला होता. मोतीरामचे गमबूट तेवढे तिने मांडीवर धरले होते.

मयूर तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. आता दोष कुणावर तरी जायलाच हवा होता.

"मावशी, किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला!" त्याचा आवाज चढला. "तुमच्या त्या हळदीपायी झालं हे सगळं. पट्टी कशाने पिवळी पडते, ते मला कळणार कसं?"

ठमाबाईने वर पाहिलं. तो काय म्हणतोय, हेच तिला कळेना. तिने पदराने बुटांवरचा चिखल पुसला आणि त्यांच्यावरची पिवळी बोटं त्याच्यापुढे धरली.

"पट्टीला कुठं लावली, साहेब? तुम्ही रागावले त्या दिवसापासून बुटालाच लावते मी."