खटखटीची सवय

“एवढ्या खटखटीत झोपणारं बाळ बरं नव्हे, संजना,” सासूबाई म्हणाल्या होत्या. “सवय झालीय त्याला,” म्हणत मी हसण्यावारी नेलं. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टांचे इलेक्ट्रिक टाइपरायटर मी सातपूरला घरीच दुरुस्त करते. तेव्हा शेजारच्या काकू आमच्याकडे येऊन बाळाला आतल्या खोलीत सांभाळायच्या. आज त्या लासलगावला गेल्या, म्हणून पाळणा माझ्याजवळच होता. मशीनवर अक्षरं पुसट उमटत होती. अक्षरांच्या चकतीवर आपटणाऱ्या हातोडीचा जोर वाढवून मी कळ दाबली. खट्! बाळ किंचाळून जागं झालं. जोर अगदी कमी केला, तरी प्रत्येक अक्षराला ते दचकत राहिलं. काकूंची पिशवी खुंटीलाच होती. शंका येऊन पाहिलं, तर तिच्यात गुंगीच्या औषधाची निम्मी रिकामी बाटली सापडली. फोनवर त्या म्हणाल्या, “अगं, चमचाभरच द्यायचे. तुझंच काम व्हावं म्हणून!” तुमचं बाळ कुणाकडे फारच शांत झोपतं का? आत्ताच त्याला उठवून बघा.