शंभर जास्त

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी यंदा नवीनच टूम काढली. आजवर प्रत्येकाचं दान मोठ्याने वाचलं जायचं. आता वर्षभरात किती देणार ते कार्डावर लिहून पाकीट बंद करून द्यायचं. माझा जीव खालीवर झाला. थोरल्या जाऊबाईंचा आकडा कळल्याशिवाय मी माझा लिहू तरी कसा? चर्चमधले पडदे त्यांचे, माइक त्यांचा, पहिल्या बाकावरची पितळी पट्टीसुद्धा त्यांच्याच नावाची. त्याच बाकावर शेजारी बसून मी मान वाकडी करून पाहिलं, तर त्यांनी कार्डावर हात आडवा धरला. मग मीही हाताआड लिहिलं, 'थोरल्या जाऊबाई देतील त्यापेक्षा शंभर जास्त,' आणि पाकीट चिकटवून टाकलं. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. टेबलावर आमची दोन कार्डं होती. "खजिनदारांनी डोक्याला हात लावलाय," ते म्हणाले. "दोन्हींत रक्कमच नाही. आता तुम्हीच सांगा, आम्ही काय धरायचं?" माझं कार्ड वाचून जाऊबाई लालबुंद झाल्या. मी त्यांचं ओढून घेतलं. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'धाकटी जाऊ देईल त्यापेक्षा दोनशे जास्त.' बारा वर्षं मला वाटत होतं की मी एकटीच जळतेय, आणि ही बाई माझ्या मांडीला मांडी लावून माझ्यावरच जळत होती. क्षणभर काय बरं वाटलं म्हणून सांगू! मग पुन्हा आकडा पाहिला. जळण्यातसुद्धा माझ्यापेक्षा शंभराने पुढे.