बरोबरी होईपर्यंत

क्लबवर गोल झाला तसा सलीमने कमरेचा ढोल सोडला आणि भिंतीशी आडवा ठेवला. कॉलेज रोडवरच्या हॉटेलच्या हॉलमध्ये पडद्यासमोर बसलेली पोरं गप्प झाली. त्यांचा तो नियमच होता. इंग्लंडमधला आपला फुटबॉल क्लब मागे असला की बरोबरी होईपर्यंत ढोलाला हात लावायचा नाही. नियम कुणी काढला ते कुणालाच आठवत नव्हतं, पण मोडला कुणीच नव्हता.

आज हरले तर क्लब खालच्या लीगमध्ये जाणार होता. बरोबरी झाली तरी वाचणार होता. सलीमच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही गेलं नव्हतं.

आणि नेमकी आजच क्लबच्या जाहिरातवाल्यांची गाडी मुंबईहून येऊन धडकली होती. दिवे, कॅमेरे, घडीही न मोडलेल्या जर्सी. त्यांना म्हणे भारतातले वेडे चाहते हवे होते.

"सुतकात बसल्यासारखे काय बसलात?" दिग्दर्शक बाई म्हणाल्या. "तुमचा तो नाशिक ढोल वाजवा ना!"

"मॅडम, आपण हरतोय," सलीम म्हणाला. "मागं असताना नाय वाजवत आम्ही."

"कॅमेऱ्यात स्कोअर दिसत नाही हो."

त्यांनी कुणाला तरी खूण केली. पडद्यावरची मॅच गेली आणि तिथे एक जुना गोल आला. पोरं ओरडली, पण ऐकतो कोण! ग्रुप चालवणारा हर्षल सलीमजवळ आला. त्याचंही तोंड उतरलं होतं.

"सलीमभाई, एकदाच. यांना आवडलं तर आपल्या ग्रुपला क्लबची मान्यता मिळेल."

"आपण काय आजवर चोरून ओरडत होतो का रे?"

हर्षलने भिंतीशी ठेवलेला ढोल उचलून त्याच्यापुढे धरला. शेवटी त्याच्या तोंडाकडे बघून सलीमने ढोल कमरेला बांधला आणि टिपरू उचललं. जुना गोल झाला, पोरं उड्या मारायला लागली, ढोल घुमला. बाईंना समाधान नव्हतं. पुन्हा तोच गोल, पुन्हा त्याच उड्या. गोल मारणारा तो खेळाडू कधीच जास्त पैशाच्या क्लबात निघून गेला होता. सलीमला स्वतःचीच किळस आली.

"छान! आता सगळे बाहेर थांबा, प्लीज."

मुंबईहून आणलेली एक मॉडेल नवी जर्सी घालून खुर्चीत बसली. दार लागलं. बाहेर जिन्यात सगळी पोरं सलीमच्या मोबाइलभोवती गोळा झाली. मॅच संपत आली होती. क्लबला कॉर्नर किक मिळाली, गोलसमोर नुसती झुंबड उडाली, आणि त्या गर्दीतून कुणाच्या तरी गुडघ्याला लागून बॉल जाळीत गेला.

बरोबरी!

हर्षल मटकन पायरीवर बसून रडायला लागला. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं ते समजेना. सलीमच्या कमरेला ढोल होताच. त्याने जीव खाऊन टिपरू हाणलं आणि सगळा जिना दणाणला.

हॉलचं दार किलकिलं झालं. कानाला हेडफोन लावलेल्या एकाने वैतागून डोकं बाहेर काढलं.

"ए भाऊ, बंद करा ते! आत फॅनची मुलाखत चालू आहे."