सोडायचं राहिलेलं दावं

"काका, तुम्हाला काय लागेल ते सांगा ना," अनघानं पुन्हा विचारलं.

शाळेच्या वर्गात, फळ्याखाली, गुडघे पोटाशी घेऊन घनश्याम दाराकडे बघत बसला होता. पुढ्यातल्या खिचडीचा गार गोळा झाला होता.

अनघा वणीच्या एका संस्थेत कामाला. पूर आला की गावातली माणसं बोटीनं बाहेर काढायची, उंचावरच्या शाळेत आणून बसवायची, मग कोणाला काय हवं ते विचारून फोनमध्ये टिपायचं आणि वर कळवायचं. बाकीच्या वर्गानं तिला सांगण्यात काही हातचं राखलं नव्हतं. चादरी, बीपीच्या गोळ्या, बाळाचं दूध, एका आजीला तर तंबाखूच हवा होता. या माणसापाशी मात्र गाडी अडली होती.

उत्तर त्याच्या बायकोनं, वच्छलाबाईनं दिलं. "ते काही सांगणार नाई, म्याडम. बैल कोठ्यातच राह्यले ना बांधलेले. दावं सोडाचं राह्यलं."

अनघाला सकाळची बोट आठवली. सकाळी बोटीत चढताना हाच माणूस मागं वळून "एक मिंट, बाई, एक मिंट" म्हणत होता. तेव्हा पाणी ओट्याला लागलं होतं आणि नाल्यापलीकडच्या वस्तीवरची माणसं खोळंबली होती. तिनंच त्याचा दंड धरून त्याला आत ओढलं होतं. तो एक मिनिट कशासाठी मागतोय, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं. सुटं जनावर पोहत कुठल्या ना कुठल्या उंचवट्याला लागतं. बांधलेलं असलं तर जागच्या जागी बुडून मरतं. हे नदीकाठच्या गावात कोणाला सांगावं लागत नाही.

"बोट आली की बघते मी," ती म्हणाली. म्हणतानाच तिला कळत होतं, की बोट आधी त्या वस्तीवरच्या अवघडलेल्या बाईला दवाखान्यात पोचवणार, आणि तोवर दिवस मावळायला येणार.

घनश्यामलाही ते कळलं असावं. तो उठला आणि पायजमा गुडघ्यावर खोचू लागला.

"कुठं निघालात? छातीभर पाणी आहे तिथं!"

"पोहता येते मले."

वच्छलाबाई त्याच्या आडवी आली आणि रडायलाच लागली. अनघानं दारात हात आडवा धरला. "काका, मी नाही जाऊ देणार."

"सकाळीबी तुमीच नाई जाऊ देल्लं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. तिचा हात आपोआप खाली आला.

"म्याडम, त्याले सांगा, म्या सोडले बैल."

आवाज खिडकीकडून आला. तिथं श्रावण बसला होता. घनश्यामच्या शेताला लागून त्याचं शेत. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरच्या एका बाभळीवरून दोघांचं असं बिनसलं होतं, की बाभूळ कधीच वाळून चुलीत गेली तरी त्यांच्यात विस्तव जात नव्हता. हे साऱ्या वर्गाला ठाऊक होतं, अनघा सोडून.

"तुम्हीच सांगा ना. ते काय समोरच उभे आहेत."

कोणीतरी खाकरलं. वच्छलाबाई डोळे पुसत तिच्या कानाशी लागली. "त्याईचं बोलणं नाई, म्याडम."

सकाळपासून बोट, तहसील, दवाखाना, खिचडीचा टेम्पो, साऱ्यांचे निरोप इकडून तिकडे पोचवून अनघाचा घसा बसला होता. आता हाही एक. ती घनश्यामकडे वळली. "काका, ते म्हणतात, बैल त्यांनी सोडले."

"त्याले म्हणा, खोटं बोलू नको. बांड्या बैल मले सोडून कोणालेच जवळ येऊ देत नाई."

श्रावणला हा निरोप सांगावा लागला नाही. तो भिंतीला धरून, कण्हत उभा राहिला आणि त्यानं पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली. नडगी सुजून वांग्यासारखी जांभळी झाली होती. मधोमध खुराची खूण चांगली उठलेली.

"त्याले सांगा, कुठी येऊ देल्लं जवळ? लात हाणली. मंग म्या दुरूनच इळ्यानं दोन्ही दावे कापले. तुमची बोट याले घेऊन गेली ना, तवाच. दोघंबी पोहत देवळाच्या टेकडीवर गेले. म्या पाह्यलं."

घनश्याम त्या नडगीकडे बघत राहिला. बांड्याचा खूर त्याला ओळखू येणार नाही तर कोणाला येणार? तो परत फळ्याखाली जाऊन बसला. मग त्यानं थाळी पुढं ओढली आणि त्या गार गोळ्यातला घास तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायच्या भानगडीत तो पडला नाही.

"म्याडम," घास तोंडात असतानाच तो म्हणाला, "काय पायजे म्हणत होत्या ना मघा? लिवा."

तिनं फोन काढला.

"पायाले लावाचा मलम. चांगला असला तं. अन् पट्टी."

"कोणासाठी?"

त्यानं हनुवटीनं खिडकीकडे दाखवलं.

"नाव सांगावं लागतं, काका," अनघा म्हणाली. नाव तर तिनं सकाळीच टिपून ठेवलेलं होतं.

घनश्यामनं घास गिळला.

"श्रावण," तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, खिडकीपर्यंत जाईल असं म्हणाला, "श्रावणभाऊ लिवा."