गुरुजींनी मागितलेली लिंक

"पुन्हा शून्य," रिना म्हणाली आणि तिनं लॅपटॉप हरिदास गुरुजींकडे वळवला. "एकही नवीन लिंक नाई, गुरुजी. तुमची साइट होती तिथीच आहे. सर्चच्या सातव्या पानावर."

गुरुजींनी चष्मा पुसला, पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "बरं. मंग बुधवारी आरमोरीले जाऊन येतो."

त्यांना काहीच वाटल्याचं दिसलं नाही, याचंच रिनाला जास्त वाईट वाटलं.

चामोर्शीच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर गुरुजींनी पोरांसाठी 'चिंचोक्यांचं गणित' नावाची साइट काढली होती. बनवून दिली रिनानं. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता घरी बसून लोकांच्या साइट करून द्यायची. गुरुजींचं गणित गोड होतं, पण शोधणाऱ्याला ते सापडतच नव्हतं.

मग पावसाळ्यात एकदा तिनं त्यांना नीट समजावलं होतं. "दुसऱ्या चांगल्या साइटनं तुमच्याकडं बोट दाखवलं पाह्यजे. तेच लिंक. साइट जितकी भली, तितकं तिच्या बोटाले वजन."

"मंग पुष्कळ बोटं जमवाची?"

"तेच तर मी केलं न!" रिना हसली, पण हसू टिकलं नाही.

तिची आई भागीरथाबाई बांबूची खेळणी बनवायची. मण्यांच्या चौकटी, दशकाच्या काड्या, छोटे तराजू. त्यासाठी रिनानं साइट काढली होती. उघडल्याबरोबर बांबू तासणाऱ्या आईच्या हातांचा फोटो यायचा. पण घाई नडली. कुठल्याशा माणसाकडून तिनं हजारभर भुरट्या लिंक एकदम घेतल्या आणि साइट सर्चमध्ये तळाला गेली. नंतर तिनं त्या सगळ्या काढून टाकल्या, पण स्वतःच्या साइटचे आकडे पाहणंही सोडलं. खेळणी विकली गेली नाहीत, तर हिवाळ्यात पुण्याची नोकरी धरायची, असं ठरलं होतं. म्हणजे आई इथं एकटी.

गुरुजींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे सोयरीकीसारखंच झालं. पोरगा कसा आहे, हे गावातल्या चार भल्या माणसांले पुसतात. पानठेल्यावरच्या गर्दीले कोणी पुसत नाई."

"बरोबर. आन् लिंक मागाले तुमालेच जा लागन."

"सोयरीकीत नवरदेव स्वतः थोडीच फिरते?"

"इथी नवरदेव बी तुमीच, मध्यस्थ बी तुमीच!"

गुरुजी खळखळून हसले.

ईमेल लिहायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. "कोणाबद्दल चांगलं बोलायले सांगाचं, तर समोर बसून सांगावं," म्हणाले. पिशवीत मोहाचे लाडू घेऊन ते एसटीनं फिरू लागले. शेतकी कॉलेजातला गोपाल, शिक्षकांची साइट चालवणारी पुनम, गडचिरोलीत साप्ताहिक काढणारा अजय. सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले.

परत आले की रिना विचारायची, "काय म्हणाला?"

"हो म्हणाला. माह्यासमोरच टाकली."

"मंग दिसत काऊन नाई?"

"तुहं नेट सुस्त असन बेटा. चहा टाक."

रिनाला एकच अर्थ लागत होता. मोठी झालेली ही पोरं गुरुजींना चहा पाजत होती, समोर लिंक टाकत होती आणि त्यांची पाठ वळली की काढून टाकत होती. म्हाताऱ्या माणसाची बोळवण. हे त्यांना सांगणं तिच्या जिवावर यायचं.

दिवाळी झाली. एका संध्याकाळी भागीरथाबाई म्हणाली, "नाशिकच्या शाळेचा फोन होता वं. मण्यांच्या चौकटी पाह्यजे म्हणे."

"मेळाव्यात कार्ड वाटले होते, त्याचा असन."

"काल कोल्हापूरवालीचा बी आलता."

"दोन फोनांनं घर चालते का, आई?" रिना कपड्यांच्या घड्या करत होती. पुण्याहून बोलावणं आलं होतं.

पुण्याच्या गाडीचं तिकीट काढायला ती गडचिरोलीला गेली. तिकीट पर्समध्ये ठेवलं आणि पाय आपोआप साप्ताहिकाच्या ऑफिसकडे वळले. जाण्याआधी एकदा तरी गुरुजींच्या वतीनं बोलायला पाहिजे होतं. ती गेल्यावर त्यांच्या बाजूनं कोण बोलणार?

अजय टेबलावर वाकून काही तपासत होता. रिनानं नाव सांगितलं आणि बसायच्या आधीच सुरू केलं. "गुरुजी तुमच्याकडं एसटीत धक्के खात आले होते. नाई म्हणाचं होतं तर तोंडावर म्हणाचं. लिंक टाकून काढली काऊन?"

"काढली?" अजयनं मान वर केली. "बाई, गुरुजींनी टाकलेला शब्द आमी काढू का? माह्या खुर्चीजवळ बसून होते. लेख पुरा वाचला, दोन चुका काढल्या, मले शाळेतल्यासारखं रागावले. लिंक तीनदा दाबून पाहिली, तेव्हा कुठं उठले."

"मंग मले दिसत काऊन नाई?"

"आता ते मले काय माहीत? पाहा न तुमीच."

त्यानं संगणक तिच्याकडे वळवला. लेख मुलांना गणित कसं शिकवावं याबद्दलचा होता. त्यातल्या एका ओळीत चार शब्द निळे होते, खाली रेघ ओढलेली.

रिनानं ते दाबले.

पडद्यावर बांबू तासणारे तिच्या आईचे हात उघडले.